कोरा रकाना

आमच्या साहेबांना राग येत नसे. हे ते स्वतःच सांगत, टेबलावर मूठ आपटून.

"माझ्यापुढे यंत्र असतं आणि नियम असतो. तिसरं काही नसतं. मन वगैरे भानगड मी घरी ठेवून येतो," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना त्यांच्या कपाळावरची शीर तटतटून फुगलेली असायची. ऑफिसात त्यांना पाठीमागे 'तराजू' म्हणत. हे त्यांच्या कानावर गेलं होतं आणि ती त्यांना पदवी वाटली होती. टोमणा ओळखायला जी चिमूटभर अक्कल लागते, ती बहुधा मनाबरोबर घरीच राहत असावी.

आमचं खातं लिफ्ट तपासणीचं. ते निरीक्षक, मी सहायक. शहरातली प्रत्येक लिफ्ट वर्षातून एकदा तपासायची, सही करायची आणि एक कागद लिफ्टच्या आत लावायचा. तो कागद कोणी वाचत नाही. लोक लिफ्टमध्ये शिरतात आणि आरशात स्वतःचं तोंड बघतात. आपण एका दोराला टांगलेलो आहोत आणि तो दोर कोणीतरी, कधीतरी, कसल्यातरी मनःस्थितीत बघितलेला आहे, हा विचार त्यांच्या डोक्यात येत नाही, हे बरंच आहे. आला तर सगळं शहर जिन्यात धापा टाकत बसेल.

साहेबांच्या मनःस्थितीची बातमी आमचे हेडक्लार्क पुरवायचे. सकाळी साहेब खुर्चीत बसले की दहा मिनिटांत लिफ्ट सांभाळणाऱ्या कंत्राटदारांचे फोन सुरू व्हायचे. "हवामान कसंय?" हेडक्लार्क फायलीत मान घालून सांगायचे, "ढग आहेत. आज नको," किंवा "ऊन पडलंय, घेऊन टाका उरकून." साहेबांच्या पोटात जळजळ असली, बायकोशी वाजलं असलं, की ढग. त्या दिवशी ते मशीनरूममध्ये गुडघ्यांवर बसायचे, दोरावरून चिंधी फिरवायचे, कुठे तुटलेली तार चिंधीत अडकते का बघायचे, एकेक स्क्रू पिळायचे आणि दोन पानं शेरे लिहायचे. ऊन असलं की दारातूनच "छान, छान" म्हणत सही. आणि दोन्ही दिवशी हा माणूस शपथेवर सांगायचा की आपण फक्त यंत्र आणि नियम बघितला.

मी त्यांना मनातल्या मनात हसायचे. माझी डिग्री त्यांच्यापेक्षा मोठी, नोकरी त्यांच्यापेक्षा लहान. अशा माणसाला हसण्याचा चांगला सराव होतो. मला वाटायचं, या खोलीत डोकं शाबूत असलेली एकटी मीच.

मग ते गोदाम आलं. मालाची लिफ्ट होती. दाराचं कुलूप नीट बसल्याशिवाय लिफ्ट हलू नये, अशी एक जोडणी असते. ती मी तपासली आणि ठीक लिहिलं. त्या दिवशी दाट ढग होते. साहेब वाकले, बोट लावलं, आणि जोडणीचा एक स्क्रू त्यांच्या बोटाबरोबर फिरला.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

मी बघितलं. "सैल आहे, साहेब."

"सैल आहे हे मला दिसतंय. तुम्हाला का नाही दिसलं? डिग्री काय रद्दीतून उचललीत?"

दोन मेकॅनिक, गोदामाचा मॅनेजर आणि तीन हमाल उभे होते. एक हमाल हसला. साहेबांनी मला अख्खा अहवाल पुन्हा लिहायला लावला, तिथेच, एका खोक्यावर बसवून.

त्यांचं बरोबर होतं. स्क्रू सैल होता आणि मला दिसला नव्हता. नेमकं तेच झोंबलं. ते चुकले असते तर मी संध्याकाळपर्यंत विसरले असते. बरोबर असलेल्या माणसाचा राग जात नाही, तो आत मुरतो.

आठ दिवस मी त्या रागावर जगले. साहेब शिंकले तरी मला त्यात उर्मटपणा ऐकू यायचा. त्यांचं अक्षर, त्यांचा चष्मा पुसायचा रुमाल, चहात बिस्किट बुडवताना मोडून पडलं की चमच्याने काढून खायची त्यांची पद्धत, सगळं मला नीचपणाचा पुरावा वाटत होतं. घरी मी, आई आणि माझी थोरली बहीण. ताई एकदा स्वयंपाकघरात म्हणाली, "अगं, कांदा चिरतेस की त्या माणसाला? बोट कापशील."

"मी शांत आहे," मी म्हटलं.

"हो, दिसतंय ना," ताई म्हणाली आणि सुरी काढून घेतली.

नवव्या दिवशी साहेब शीळ घालत आले. बेसूर. हेडक्लार्कनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं आणि फोन उचलून सांगितलं, "लख्ख ऊन! असं ऊन चार वर्षांत नाही."

त्या दिवशीची लिफ्ट एका चार मजली इमारतीत होती. खाली औषधांचं दुकान, मधे दोन वकील आणि एक नाचाचा क्लास, वर डोळ्यांचे डॉक्टर. आम्ही गच्चीवरच्या मशीनरूममध्ये गेलो. कंत्राटदार पुढे धावत दार उघडत होता. साहेब त्याच्या पाठीवर थाप मारत होते. पाठीवर थाप! मी बाजूला उभी राहून हा तमाशा बघत होते आणि मनात म्हणत होते, हेच ते, मन घरी ठेवून येणारे.

माझी नजर ब्रेकवर गेली. मोटरच्या शेजारी एक गोल ड्रम असतो, त्याला दोन बाजूंनी ब्रेकच्या पट्ट्या दाबून धरतात. मजला आला की लिफ्ट जागच्या जागी धरून ठेवायचं काम त्यांचं. ड्रमवर तेलाचा ओघळ होता. शेजारच्या गिअरपेटीतून पाझरत होता, बोटभर रुंद, चकचकीत. तेलकट ब्रेक म्हणजे साबण लावलेला हात.

"साहेब, ब्रेकवर तेल दिसतंय," मी म्हटलं.

ते हसले. "अहो, कालच सर्व्हिसिंग झालंय. सांडलं असेल थोडं. पुसतील."

कंत्राटदार म्हणाला, "पुसतो ना. लगेच पुसतो."

"वजन टाकून बघायचं ना?" मी विचारलं. नियम तसा आहे. लिफ्टमध्ये भरपूर वजन रचायचं आणि ब्रेक धरतो का बघायचं. लोखंडी ठोकळे खाली कंत्राटदाराच्या गाडीत होते. ते चढवायला तास लागला असता.

साहेबांनी घड्याळ बघितलं, बाहेरच्या आभाळाकडे बघितलं आणि म्हणाले, "किती संशय घ्यायचा माणसानं! जरा आनंदात राहायला शिका, बाई."

आनंदात राहायला शिका. आठ दिवसांपूर्वी मला खोक्यावर बसवणारा माणूस मला आनंद शिकवत होता. त्यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे दिला.

त्या कागदावर खाली एक रकाना असतो: सहायकाचा शेरा. तिथे मी एक ओळ लिहिली असती, 'ब्रेक ड्रमवर तेल, भारचाचणी केली नाही,' तर तो कागद वरच्या ऑफिसात अडला असता. लिफ्ट बंद ठेवून पुन्हा तपासणी झाली असती. पेन माझ्या हातात होतं. टोपणही काढलेलं होतं.

मी विचार केला. हो, त्याला मी विचारच म्हटलं होतं. मी म्हटलं, मी सांगितलं, यांनी ऐकलं नाही, आता जे होईल ते यांच्या डोक्यावर. म्हटलं, प्रत्येक वेळी यांचे खड्डे मीच का बुजवायचे? म्हटलं, एकदा तोंडावर पडू देत. तीन मुद्दे, एकामागून एक, न्यायाधीशाच्या निकालासारखे. मी रकाना कोरा ठेवून फक्त सही केली, आणि ती करताना मला गोड वाटलं. अगदी जिभेवर गोड.

एकोणीस दिवसांनी ती लिफ्ट सहा माणसं घेऊन चौथ्या मजल्यावरून खाली आली आणि तळमजल्यावर थांबली नाही. ब्रेकने धरलं, पण धरून ठेवलं नाही. लिफ्ट घसरत जाऊन खड्ड्यातल्या स्प्रिंगवर आदळली. पाच जणांना मुका मार लागला. सहाव्या बाई सत्तरीच्या होत्या, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं.

बातमी ऑफिसात आली तेव्हा साहेब चहा पीत होते. त्यांनी कप बशीत ठेवला. माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली ते सांगते, कारण सगळं सांगायला बसलेच आहे. पहिली गोष्ट आली ती, 'मी सांगितलं होतं.' त्या म्हाताऱ्या बाई दुसऱ्या नंबरावर आल्या.

चौकशीला मुख्य कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या. बरोबर दोन पुरुष होते, ते टिपणं घेत आणि मान हलवत. आधी साहेबांना बोलावलं. मला दाराशी बसवलं होतं, दार अर्धवट उघडं होतं.

मला वाटलं, आता तराजू बोलेल. यंत्र, नियम, कंत्राटदार, गिअरपेटी, सगळ्यांची नावं घेईल. साहेब म्हणाले, "तेल होतं. माझ्या सहायक बाईंनी दाखवलं होतं. मी ऐकलं नाही. वजनाची चाचणी मी टाळली."

"कारण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"त्या दिवशी सकाळी माझ्या मुलीचा फोन आला होता. चार वर्षं ती माझ्याशी बोलत नव्हती. म्हणाली, बाबा, मी येतेय." त्यांनी समोरचा कागद सरळ केला. "मला त्या दिवशी कुठलीच गोष्ट वाईट दिसत नव्हती."

हे त्यांनी इतक्या कोरड्या आवाजात सांगितलं की टिपणं घेणाऱ्यांपैकी एकाने नाक मुरडलं. त्या माणसाला वाटलं असणार, एका बाईचं हाड मोडलंय आणि हा डोळ्यांत पाणीसुद्धा आणत नाही. मी त्या आवाजाबरोबर सहा वर्षं काम केलं होतं. तो आवाज असा कोरडा कधीच नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस खरोखर तराजूसारखा बोलत होता, आणि ते ओळखायला खोलीत कोणी नव्हतं.

मग मला बोलावलं.

"तुम्ही तेल बघून सांगितलं होतं?"

"हो."

"मग रकान्यात शेरा का नाही?"

उत्तर मला ठाऊक होतं. चार शब्दांचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला रडू फुटलं. खोटं रडू नव्हतं, ते मी कुठेही सांगेन. भीती होती, लाज होती, त्या बाईंचं हाड होतं. पण रडता रडता मला दिसत होतं की अधिकारी बाईंचा चेहरा मऊ पडतोय. नाक मुरडणाऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. दुसरा म्हणाला, "वरिष्ठांच्या दडपणाखाली माणूस लिहीत नाही, हे समजण्यासारखं आहे." अधिकारी बाई म्हणाल्या, "समजलं. बसा, शांत व्हा."

मी पाणी प्यायले. "नाही हो, तसं नाही," एवढं म्हणायचं होतं. नाही म्हटलं.

निकाल पंधरा दिवसांत आला. साहेबांना निरीक्षण विभागातून काढून प्रशिक्षण विभागात टाकलं. तिथे त्यांनी नव्या लोकांना निःपक्षपाती तपासणी कशी करावी हे शिकवायचं होतं. सरकारी डोक्याला विनोद कळत नाही, पण करता मात्र उत्तम येतो. त्यांच्या जागेचा कार्यभार मला मिळाला. हेडक्लार्क म्हणाले, "सत्याचा विजय झाला." मी मान हलवली. मानेचं काय जातंय?

त्या रविवारी मी हॉस्पिटलात गेले. हातात फळांची पिशवी होती. मी माफी मागायला चालले आहे असं ताईला सांगितलं होतं. खरं तर मिळवायला चालले होते, फळं देऊन.

त्या बाई शाळेत गणित शिकवायच्या, निवृत्त झालेल्या. पायाला वजन टांगलेलं होतं. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात शब्दकोडं.

"कोण तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"म्हणजे तपासायला आलेल्यांतली तू एक."

"हो. पण निर्णय साहेबांचा होता. मी त्यांना तेल दाखवलं होतं."

"मग ते काय म्हणाले?"

"हसले."

"आणि तू?"

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"कागदावर तुला लिहायला जागा नसते का?"

मला वाटतं, तिथेही मी रडले असते तर चाललं असतं. शेजारच्या खाटेवरची बाई केव्हाची माझ्याकडे दयेने बघत होती. पण गणिताच्या बाई नुसत्या वाट बघत होत्या, फळ्यापुढे उभ्या केलेल्या मुलीकडे बघावं तशा.

"असते," मी म्हटलं.

"काय लिहिलंस?"

"काही नाही."

"का? शाई संपली होती?"

"राग आला होता," मी म्हटलं. "साहेबांचा. त्यांनी चार लोकांत माझा अपमान केला होता. वाटलं, एकदा तोंडावर पडू देत."

त्यांनी शब्दकोडं पांघरुणावर ठेवलं. "राग साहेबांचा," त्या म्हणाल्या, "आणि खुबा माझा."

त्यांनी आपल्या पायाकडे बोट केलं.

"मला जिने उतरता येत होते, माहीत आहे? घरी रोज चार मजले चढत होते मी. त्या दिवशी डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले होते, पायऱ्या दिसत नव्हत्या. म्हणून लिफ्ट."

"माझं चुकलं, बाई."

"ते मला कळलं. तू सांगायच्या आधी कळलं." त्यांनी चष्मा वर सरकवला. "मी छत्तीस वर्षं पेपर तपासले. घरून भांडून गेले की पहिले दहा पेपर धडाधड नापास. लक्षात आलं तेव्हा मी काय केलं? मन शांत करायच्या फंदात पडले नाही, ते कुठलं शांत होतंय! पहिले दहा पेपर बाजूला ठेवायचे आणि सगळ्यात शेवटी पुन्हा तपासायचे. दरवर्षी त्यातली दोन-तीन पोरं पास व्हायची. मी थोर होते म्हणून नाही करत होते. मला माझी लायकी माहीत होती म्हणून. तुम्हा लोकांना ती माहीत नसते. तुझ्या साहेबाला नव्हती आणि तुलाही नाही. तू तर त्याच्यावर हसत असशील."

मी होकार दिला नाही. त्यांना तो लागलाही नाही.

"फळं घेऊन जा. मला साखर आहे."

मी पिशवी घेऊन बाहेर पडले. बसथांब्यावर उभी राहिले आणि मला त्या बाईंचा राग आला. कसल्या खडूस, माणूस आपण होऊन भेटायला जातो, त्याच्याशी असं बोलतात? बस येईपर्यंत मी त्यांच्याविरुद्ध चांगले पाच-सहा मुद्दे गोळा केले होते. सगळे सुसंगत. मग मला गच्चीवरचे माझे तीन मुद्दे आठवले आणि स्वतःची शिसारी आली. रागाला वकील लागत नाही. डोकं फुकटात वकिली करतं त्याची.

दुसऱ्या दिवशी मी अधिकारी बाईंना पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा तीन पानांचा झाला, त्यातली अडीच पानं साहेबांच्या वागण्यावर होती. फाडला. दुसऱ्यात मी इतकी थोर दिसत होते की वाचून माझाच गळा दाटून आला. तोही फाडला. तिसरा ताईला दाखवला. ताई म्हणाली, "यात 'व्यथित' तीनदा आलंय. तू कधी व्यथित असतेस?" चौथा चार ओळींचा झाला. माझ्यावर दडपण नव्हतं. मला तेल दिसलं होतं. साहेबांवरच्या रागामुळे मी रकाना कोरा ठेवला. चौकशीत हे सांगितलं नाही.

मला वाटलं होतं, प्रामाणिकपणाची थोडी तरी किंमत होईल. अधिकारी बाईंनी मला बोलावून घेतलं. या वेळी पाण्याचा ग्लास नव्हता.

"आमच्यापुढे रडून दाखवलंत तुम्ही?"

"मी दाखवायला रडले नव्हते, मॅडम."

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला. अहवालात तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं. आता वर मी काय तोंड दाखवू?"

त्यांचा राग माझ्या कोऱ्या रकान्यावर नव्हता. गणिताच्या बाईंच्या हाडाचा विषय तर त्या दिवशी एकदाही निघाला नाही. त्यांना आपली दया वाया गेल्याचं दुःख झालं होतं. माझा कार्यभार काढला, बढती तीन वर्षं बंद, आणि रवानगी तळघरातल्या जुन्या कागदपत्रांच्या खोलीत. साहेबांपेक्षा मोठी शिक्षा. खाली जाताना हेडक्लार्क म्हणाले, "सुखातला जीव दुःखात घातलात." सत्याच्या विजयाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

तळघरात सहा वर्षांचे तपासणीचे कागद गठ्ठ्यांनी पडले होते. माझं काम ते तारखेप्रमाणे लावायचं. दुसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आलं की लावायला तारखेची गरजच नाही. काही कागद दोन्ही बाजूंनी शेऱ्यांनी भरलेले होते: दोराच्या तारा, दाराचे स्क्रू, दिव्याचा बल्बसुद्धा. काहींवर तीन शब्द: 'सर्व ठीक आहे.' जणू शहरात दोन जातींच्या लिफ्ट होत्या, एक आजारी आणि एक निरोगी. ज्या ढगाळ दिवसांना सगळं ऑफिस थरथरायचं, त्या दिवसांत तपासलेल्या लिफ्ट लोकांनी निर्धास्त वापरल्या होत्या. पेढ्यासारख्या गोड दिवसांतल्या लिफ्टचं काय, कोणालाच माहीत नव्हतं.

मी तीन शब्दांचे कागद वेगळे काढायला लागले. एक दिवस दुपारी साहेब खाली आले. त्यांच्या प्रशिक्षणाच्या वर्गासाठी त्यांना जुने नमुने हवे होते.

"पत्र वाचलं तुमचं," ते म्हणाले. "मूर्खपणा केलात."

"हो, साहेब."

"हा गठ्ठा कसला?"

मी सांगितलं. मला वाटलं, शीर फुगेल. फुगली. ते वळून दारापर्यंत गेले, तिथे उभे राहिले, परत आले आणि स्टूल ओढून बसले. पहिला कागद उचलून तारीख बघितली. "ही बँकेच्या मागची इमारत. त्या दिवशी मला बढती मिळाली होती." दुसरा उचलला. "हा... आठवत नाही. पण अक्षर बघा, हसतंय." तो बाजूला ठेवला.

"मुलगी आली का हो?" मी विचारलं.

"आली. चार दिवस राहिली. पाचव्या दिवशी आमचं वाजलं." त्यांनी तिसरा कागद घेतला. "पण फोन करते. आणि हे बघा, यावर तुमचा रकाना का रिकामा आहे?"

मी तारीख बघितली. त्या आठवड्यात माझी सुट्टी नामंजूर झाली होती. "ठेवा बाजूला," मी म्हटलं.

रोज दुपारी ते तासभर यायचे. आम्ही एकमेकांना आवडायला लागलो नाही. त्यांचं बिस्किट अजूनही चहात पडायचं आणि ते अजूनही चमच्याने काढायचे. पण महिनाभरात अडतीस कागद निघाले. दोघांच्या सहीने आम्ही ते वर पाठवले: या लिफ्ट पुन्हा तपासाव्यात, वजन टाकून. वरच्या लोकांना अपघाताची धास्ती अजून ताजी होती, म्हणून मंजुरी आली. धास्ती शिळी झाली असती तर आली नसती.

अडतीसपैकी चार लिफ्ट सदोष निघाल्या. एकीचा दोर पार झिजलेला होता, नव्या निरीक्षकाने चिंधी फिरवली तर चिंधीच्या दशा झाल्या. ती इमारत सात मजल्यांची, वर लहान मुलांचं पाळणाघर.

ती लिफ्ट दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. दहाव्या दिवशी ऑफिसात रहिवाशांचं निवेदन आलं, बासष्ट सह्यांचं. तीन वर्षं बिनबोभाट चालणारी लिफ्ट कोणा अधिकाऱ्याच्या लहरीपायी बंद ठेवून लहान मुलं आणि त्यांच्या आयांना सात मजले चढायला लावले, याचा तीव्र निषेध. जबाबदार व्यक्तीवर कारवाई व्हावी.

हेडक्लार्कनी ते माझ्याकडे खाली पाठवलं. मी त्यावर आवक क्रमांक घातला आणि तारखेप्रमाणे गठ्ठ्यात लावलं.